लिफ्टला श्रद्धांजली

पर्निक शहरातल्या एका इमारतीत स्तोयांकाकाकू आठव्या मजल्यावर राहायच्या आणि लिफ्ट बंद पडली होती. काकू तक्रार लिहून खालच्या दारावर चिकटवायच्या. दारावर काही चिकटवायचं नाही, या नियमावर बोट ठेवून कमिटीचे अध्यक्ष क्रुमसाहेब ती फाडायचे. साहेबांचं घर तळमजल्यावर, त्यामुळे लिफ्टवाचून त्यांचं काही अडत नव्हतं.

नियमातून सूट फक्त मेलेल्यांना होती. घरात कुणी गेलं की फोटोसकट कागद दारावर लागतो, आणि तो फाडणाऱ्याच्या घरी पुढचा कागद लागतो, असं सगळेच मानतात.

मग काकूंनी काळ्या चौकटीत लिफ्टचा फोटो लावला. ‘आमची लाडकी लिफ्ट आम्हाला सोडून गेली, त्याला आज चाळीस दिवस झाले. शोकाकुल : वरचे मजले.’ येणारेजाणारे थांबून छातीवर क्रूसाची खूण करू लागले.

क्रुमसाहेबांचा हात कागदापर्यंत गेला आणि तसाच मागे आला.

“काकू, काढा ते. लोक हसतायत.”

“लिफ्ट उठली की काढते.”

“आणि नाही उठली तर?”

“तर राहू दे की. शेजारी तुझ्या फोटोपुरती जागा ठेवलीय.”