मटणात मीठ

"काय रे, तुझी बायको काय म्हणते? मटणात मीठ बरोबर आहे ना?"

शेठ हे बोलला आणि पोहण्याच्या टाकीभोवती जेवायला बसलेली सगळी माणसं हसली. माझ्या हातात भाकऱ्यांची टोपली होती. माझी बायको मेलेली. साप चावला, वाडीवरून कशेळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेताना जीपमध्ये माझ्या मांडीवर गेली. तिचा आवाज मला ऐकू येतो, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. तो डॉक्टर शेठच्या शेजारी बसून नळी चोखत होता.

मी ठाकर आदिवासी. शेठच्या फार्महाऊसवर माळी. ती गेल्यावर दिवस कलला की झाडांना पाणी घालताना तिची हाक यायची. "आवं, या ना." एकदा मी विहिरीच्या काठापर्यंत गेलो. माझी दशा बघून शेठनेच कर्जतला त्याच्या मित्राकडे धाडलं, मनाच्या डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणाला, "मोकळेपणाने बोल. इथलं इथेच राहील."

मी बोललो. सगळं. आमच्यात भगतापुढे काही लपवत नाहीत, लपवलं तर उतारा लागू पडत नाही. डॉक्टर म्हणजे शिकलेला भगत, असं मी धरून चाललो. तिथेच चुकलो. आमचा भगत दारू पितो, कोंबडं मागतो, पण एका घरचं दुसऱ्या घरी सांगत नाही.

हसू थांबेना. एक बाई म्हणाली, "बोलव ना तिला, आम्हाला पण ऐकू दे."

डॉक्टर म्हणाला, "अरे, चेष्टा आहे. मनाला लावून घेऊ नकोस."

मनाला! टोपली त्याच्या ताटात आदळली. मीच आदळली. रस्सा त्याच्या पांढऱ्या शर्टावर उडाला.

शेठ ओरडला, "कोयता काढून घ्या त्याचा! वेडा आहे तो!"

आमच्या कमरेला लाकडी आकडी असते, आकडीत कोयता. मिसरूड फुटायच्या आधीपासून. बायकोच्या तिरडीचा बांबू मी त्यानेच तोडला. त्या दिवशी माझा हात कोयत्याला लागलाही नव्हता. सुपरवायझरने मागून कव घातली, वॉचमनने कोयता ओढला. मग लाथा. पोटात, तोंडावर. ओठ फाटला, दात हलला. फरफटत नेऊन पंपाच्या खोलीत कोंडलं.

तिथे मी तिच्या हाकेची वाट पाहिली. आली नाही. चारचौघांत तिची विटंबना झाली होती, ती कशाला येईल? मला रडू आलं, आणि रडता रडता राग आला. तेव्हा कोयता हातात असता तर शेठ आणि डॉक्टर, दोघांची मुंडकी पाडली असती. खोटं कशाला बोलू.

दिवस कलल्यावर शेठने दार उघडून मला बाहेर काढलं. "झालं ते झालं. बाहेर बोललास तर तुझीच अब्रू जाईल. उद्यापासून कामावर ये. कोयता मात्र इथेच राहील."

कोयता टाकीकाठच्या टेबलावर होता, उष्ट्या ताटांच्या मध्ये. मी उचलला. खुर्च्या पडल्या, बायका किंचाळल्या. डॉक्टर शेठच्या पाठीमागे लपला. त्याची मान मला दिसत होती, घामाने डबडबलेली. हात वर गेला होता माझा. मग वाटलं, एवढं केलं की उद्या हेच म्हणणार, बघा, वेडाच होता. मी पातं सदऱ्याला पुसलं आणि कोयता आकडीत अडकवला.

"कोयता माजा. बायको माजी. दुखनं बी माजंच. त्ये पंगतीत वाढायला तुमाला कोनी सांगितलं रं?"

शेठला 'रं' म्हणालो. पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या मॅडमनी आधी दार लावलं, मग बोलल्या. म्हणाल्या, तुझ्या मर्जीशिवाय तुझा आजार कोणाला सांगायचा नाही, तसा कायदा आहे. त्यांनी सांगितलेल्या मंडळाकडे मी डॉक्टरची तक्रार केली. गोळ्याही त्यांच्याकडूनच घेतो.

मग सुपरवायझर निरोप घेऊन वाडीवर आला. "डॉक्टर सांगतात, तक्रार मागं घे. नायतर तू वेडा हायस, ह्ये समद्या कशेळ्याला कळंल."

"तू कशाला दमतोस? मीच सांगतो," म्हणालो.

बाजाराच्या दिवशी कशेळ्याच्या जीपस्टँडवर उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं. मेलेल्या बायकोची हाक येते मला. विहिरीत उडी टाकणार होतो. औषध चालू आहे. कोणी हसलं, कोणी लांब सरकलं. सरकू दे. माझं मी माझ्या तोंडाने सांगितलं. त्यांच्या हातात आता काही उरलं नाही.

सुनावणीला मी जाणार. कोयता दाराबाहेर ठेवायला लावतील, ठेवीन. रिकामी आकडी कमरेला राहील. डॉक्टरला सगळ्यांसमोर विचारीन, माझी मेलेली बायको कोणाला विचारून ताटात वाढलीस? तो हात जोडेल, माफी मागेल. माफी त्याने त्याच्या घरी न्यावी. मला त्याच्या दवाखान्याला कुलूप लागलेलं बघायचंय, आणि ते लागेपर्यंत मी गप्प बसणार नाही.