वाटीच्या मापाची नानकटाई

मुलुंडच्या रत्नप्रभा सावंतला घाण खपत नसे. मासे तीनदा धुणारी बाई. तरी १९८५च्या दिवाळीआधी चाळीतल्या इतरांसारखीच तीही मैदा, डालडा आणि पिठीसाखर घेऊन नानकटाई करून आणायला बेकरीत गेली.

इतर बायका सामान देऊन घरी आल्या. ही तिथेच थांबली, आपला डालडा कुणी बदलू नये म्हणून. मागच्या खोलीत उघड्या अंगाचा माणूस पीठ मळत होता. कोपरावरून घाम ओघळून परातीत पडत होता. मधेच त्याने तंबाखूची पिंक कोपऱ्यात टाकली, ओठ हाताने पुसले आणि तोच हात पुन्हा पिठात घातला. ट्रे पुसायचा फडका काळा, चिकट. मैद्याच्या पोत्यावर झुरळं फिरत होती.

डबा घेऊन ती घरी आली आणि मोरीत ओकली.

"भट्टीत सगळा जळान जाता गो," नवरा दशरथ नानकटाई खात म्हणाला.

"तोंड धुवून या आधी," ती म्हणाली. उरलेला डबा तिने कचऱ्यात उपडा केला.

नानकटाई घरीच करायची ठरली. बेकरीचं प्रमाण तिला पाठ होतं: किलोभर मैद्याला अर्धा किलो डालडा, अर्धा किलो साखर. पण घरात तराजू नव्हता. वाण्याच्या पारड्यात साबणाचा चुरा आणि हिंग चिकटलेला, त्यात काही घालायची कल्पनाही तिला सहन होईना. म्हणून तिने पाव किलो मैद्याची बंद पुडी आणली आणि स्टीलच्या वाटीने मोजली. डालडा आणि साखरेचीही पाव किलोची बंद पाकिटं आणून निम्मी-निम्मी घेतली. ठोकून, दाबून भरत अडीच वाट्या झाल्या.

जाड पातेल्यात वाळू तापवून तिने पहिली ताटली आत ठेवली. मैदा मात्र तिने या वेळी चाळून, सैल हाताने अडीच वाट्या घेतला होता. सगळ्या नानकटाया वितळून एकमेकींना चिकटल्या. तो तुपकट, पिवळा थर तिने खरवडून टाकला.

मग तिने दुसरी पुडी चाळून मोजली. सव्वातीन वाट्या भरल्या. मैदा तेवढाच, वाटीतली हवा वेगळी; पहिल्या ताटलीत मैदाच कमी पडला होता. या मापाने नानकटाई फुगली, वरून तडकली, खुसखुशीत झाली.

शेजारची कुंदा चव घ्यायला आली, बोट चाटलं आणि तेच बोट मळलेल्या गोळ्यात खुपसायला निघाली. रत्नप्रभाने परात ओढून घेतली.

"हात धू."

"एवढं काय गं?"

"हात धू, नाहीतर जा."

कुंदा हात धुऊन आली, माप विचारून घेतलं, दोन नानकटाया खाल्ल्या. "झकास झाल्यात. तू का नाही घेत?"

"नको गं. वास आला की बेकरीतला तो हात दिसतो."

त्या दिवाळीत तिने सगळ्यांना खाऊ घातलं. स्वतः चकलीवर भागवलं, आणि पुढच्या वर्षीही तसंच.