दोडके-भोपळ्यांचं सभासदत्व

निवडणुकीच्या वर्षी मी दूध संघाच्या कॉम्प्युटरात खोटे सभासद घातले, आणि वर त्यांची यादी छापून टेबलावर उघडी ठेवली. इतक्या अव्वल दर्जाचं शहाणपण करायला बाई चाळिशी ओलांडलेली आणि गणितात पदवी घेतलेली असावी लागते. मी दोन्ही होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. राहात्याजवळच्या आमच्या संघात रोजच्या दुधाचा हिशेब मीच कॉम्प्युटरवर आणला होता. त्यासाठीचा डेटाबेस एका मासिकासोबत आलेल्या सीडीतून फुकट मिळालेला. तो लिहिणारे लोक परदेशातले, बिनपगारी, आणि आतलं सगळं काम जगापुढे उघडं मांडून बसलेले. चूक सापडली तर कळवा, म्हणायचे. मला याचं एवढं अप्रूप की घरी जावांनाही ऐकवायचे. त्या भाकरी थापत नुसतं हूं हूं करायच्या.

चूक सापडली. लाईट अचानक जाऊन परत आली की एखाद्या सभासदाचं दूध एकूण बेरजेत दिसायचं, पण त्याच्या क्रमांकानं शोधलं तर तो माणूसच नाही. पुस्तकात पान आहे, मागच्या सूचीतून मात्र गळलंय, तसं. सभासद खिडकीशी उभा, आणि मी त्याला सांगतेय की तुम्ही नाही आहात.

शनिवारी एसटीनं नगरला जाऊन एका कॉम्प्युटर क्लासातून मी त्या परदेशातल्या लोकांना ईमेलनं तक्रार पाठवली. लांबलचक, निबंधच. पुढच्या शनिवारी उत्तर मिळालं: आमच्या मशीनवर असं होत नाही. खऱ्या लोकांची माहिती नको, थोड्या खोट्या नोंदी करा, चूक पुन्हा घडवा आणि कशी घडवली ते पायरीपायरीनं लिहा.

चूक घडवायची तर लाईट जायला हवी. एरवी सारखी जाणारी लाईट त्या आठवड्यात नव्या सुनेसारखी घरात बसून राहिली. मग मी प्लगच उपटायचं ठरवलं. पडद्यावर नोंद झाली असं येतं न येतं तोच उपटायला हवा, आणि बोर्ड कपाटामागे, म्हणजे दुसरं माणूस हवं. शेजारच्या टेबलावरचे हिशेबनीस हे संघातले माझे एकुलते सोबती. त्यांना विजेची भीती. म्हणून कीबोर्डवरचं नोंदीचं बटण ते दाबायचे, नोंद "गेली" म्हणायचे, आणि मी पदर खोचून कपाटामागून प्लग ओढायचे. सभासदांची नावं आम्ही दोघांनी मिळून पाडली. दोडके, भोपळे, गवारे, मुळे. मुळ्यांच्या दुधाला फॅट सगळ्यात जास्त लागली पाहिजे, हा आग्रह त्यांचाच. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आणि चूक घडली. बेरजेत भोपळे होते, शोधायला गेलं की गायब. मी यादी छापली, नगरला न्यायची म्हणून टेबलावर ठेवली आणि बाईसाहेब खुशीत घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांनी बोलावलं. यादी त्यांच्या पुढ्यात होती. सहकारात खोटा सभासद म्हणजे खोटं मत, आणि मतदान तोंडावर. मी सांगितलं की ही मंडळी वेगळ्या जागी ठेवलीत, खऱ्या यादीला त्यांचा वाराही लागलेला नाही, परदेशातल्या लोकांनी मागितली होती. परदेशातल्या लोकांना आपल्या संघाचे सभासद कशाला हवेत, असं त्यांनी विचारलं. याला उत्तर होतं. पण त्या खोलीत ते द्यायला लागले तसं माझं मलाच खोटं वाटायला लागलं. शेवटी मीच म्हणाले, हिशेबनिसांना विचारा, ते माझ्यासोबत होते.

साहेब म्हणाले, "यादी त्यांनीच आणून दिली."

सोमवारपासून मी आवक-जावकच्या टेबलावर. माझा डेटाबेस पुसला गेला, विकतचं पॅकेज आलं आणि त्यापुढे हिशेबनीस बसले. पाकिटांवर शिक्के मारताना मला एकच सलायचं: मुळ्यांच्या फॅटवर ते हसत होते, तेव्हाच यादी कुठं न्यायची ते ठरलं होतं का?

तरी हट्टानं मी सगळ्या पायऱ्या नगरहून पाठवल्याच. काही आठवड्यांनी उत्तर आलं. दोडके-भोपळे त्यांच्याही मशीनवर गायब झाले होते, चूक सापडली होती, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होणार होती. खाली माझे आभार. छापून घेतलेला तो कागद मी एसटीत पुन्हा पुन्हा वाचला. शेजारच्या बाईनं विचारलं, नोकरीचा कॉल आला का? मी हो म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी हिशेबनिसांपुढे जाऊन उभी राहिले. भांडायची वाक्यं वाटभर घोकली होती, तोंडातून एवढंच निघालं की नावं तर तुम्हीपण पाडली होती ना? त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि अगदी मायेनं म्हणाले,

"ताई, सायबांनी इचारलं, ह्ये सभासद खरे हायेत का? मी म्हनलं, न्हाई. कशापायी घातले, त्ये कुनी इचारलंच न्हाई."