पान लागलं

आमच्याकडे साप चावला असं सहसा कुणी म्हणत नाही. पान लागलं म्हणतात. नाव घेतलं की तो ऐकतो, अशी समजूत. मी धुळ्याची, लहानपणापासून हा शब्द कानावर पडलेला, त्यामुळे जनावरांची डॉक्टर होऊन एरंडोल तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले तेव्हा तो मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. सांगावा लागला असता तर बरं झालं असतं. नवीन शब्द ऐकला की माणूस निदान एखादा प्रश्न तरी विचारतो.

पोळा होऊन आठवडा झाला होता. सकाळी दहाच्या सुमाराला फोन आला. बोलणारा नरडाण्याला एका कंपनीत कामाला होता, बोलणं स्वच्छ आणि अदबीचं. "मॅडम, आमच्या काकूच्या बैलाला पान लागलं. गेला तो. मी ड्युटीवर आहे, घरून फोन आला आत्ता. तेवढा दाखला देऊन टाका, म्हणजे पुरायला बरं." किती काळजीचा पुतण्या आहे, असं मला वाटलं. तसं वाटलं होतं हे मी अजून विसरलेले नाही.

त्याच्या काकूला अख्खं गाव अक्का म्हणायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. चार एकर कपाशी आणि एक बैलजोडी, एवढ्यावर बाई ताठ उभी होती. पुतण्याला ते शेत बटाईने कसायला हवं होतं आणि अक्का म्हणायची, माझे बैल आहेत तोवर मीच करणार. हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी मला दिसला तो गोठ्यात आडवा पडलेला बैल. शिंगांना पोळ्याचा लाल रंग तसाच होता.

मागच्या पायाच्या वर, उजव्या पुठ्ठ्यावर तळहाताएवढी सूज होती आणि मधोमध सुकलेल्या रक्ताचा ठिपका. साप पायाला चावतो, चरताना तोंडाला चावतो. पुठ्ठ्याला चावायला तो काय शिडी लावून चढला होता? हा प्रश्न मला तिथे उभ्या उभ्या पडला. बैल बसलेला असेल, असं उत्तरही मीच देऊन टाकलं. तरी पिशवीतून सुरी काढली आणि अक्काला म्हटलं, उघडून बघावं लागेल.

तिने हात जोडले. "त्याले फाडू नका, डाकतरबाई. मना पोऱ्या शे तो."

मी सुरी परत ठेवली. बरीच वर्षं मी ह्याला दया म्हणत होते. खरं म्हणजे मला पुढे तीन गावांत लसीकरणाला जायचं होतं, ऊन चढत होतं, आणि शवविच्छेदन म्हणजे दोन तास मोडणार. मृत्यूचं कारण ह्या रकान्यात मी 'सर्पदंश' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. बैलाला हळद-कुंकू लावून शेताच्या बांधाला पुरलं. खड्ड्यात मिठाची गोणी ओतली, तशी इकडे पद्धतच आहे. मीठ पुतण्याने आदल्या रविवारीच घरात आणून ठेवलं होतं. अक्काने हे मला डोळे पुसत, कौतुकाने सांगितलं. मीही मान डोलावली. इतकी मी शहाणी.

दीड महिन्याने पुन्हा त्याचाच फोन. तीच वेळ, तोच आवाज. "मॅडम, काय नशीब बघा काकूचं. दुसऱ्यालाही पान लागलं. सकाळी गेला. मी नरडाण्यालाच आहे, दाखल्याचं तेवढं बघा."

ह्या खेपेला उघडून बघायचंच असं ठरवून मी निघाले. एका गोठ्यात दीड महिन्यात दोन साप, तेही बैलांवरच टपलेले, हे माझ्या पचनी पडत नव्हतं. वाटेत गावच्या पोलीस पाटलांना सोबत घेतलं. वयस्कर माणूस, मी त्यांना आबा म्हणायचे. दोघं अक्काच्या दारात पोचलो तेव्हा ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. आम्हाला बघून उठली, पाणी आणायला निघाली.

"अक्का, बैल कधी गेला?" मी विचारलं.

ती उंबऱ्यातूनच वळली. "कोनता बैल?"

गोठ्यात बैल उभा होता. कडबा खात होता.

"तुमले कोनी सांगं?" अक्का म्हणाली. "सकायपासून दोनदा कडबा खादा त्यानी. काय व्हयनं?"

मेलेल्या बैलाचा दाखला द्यायला मी आले होते आणि बैल माझ्याकडे बघत रवंथ करत होता. मरणाची बातमी नरडाण्याहून आली होती, मरण अजून यायचं होतं. आबांनी गोठ्याचं दार आतून लावून घेतलं.

मी बैलाच्या अंगावरून तळहात फिरवायला सुरुवात केली. मान, खांदा, पाठ. डाव्या पुठ्ठ्यावर केस चिकटलेले लागले. खाली कातडीत काहीतरी टणक होतं. जागा बधिर करून मी भोवतालच्या मांसासकट ते कापून काढलं. गव्हाच्या दाण्याहून थोडी लांब, काळपट, दोन्हीकडे टोकदार काडी निघाली. पुस्तकात तिचं चित्र पाहिलं होतं. सोनार तोलायला वापरायचे त्या गुंजेच्या विषाची सुई. हे विष लगेच मारत नाही, एक-दोन दिवस घेतं, आणि जनावर मेल्यावर दिसतं ते अगदी पान लागल्यासारखं. पहिला बैल पुतण्याच्या हिशोबाने वेळेवर मेला होता. दुसरा अंगाने दांडगा निघाला, तेवढाच हिशोब चुकला.

सुई बाटलीत घातली, लाखेचं सील केलं, आबांनी पंच म्हणून सही केली. बैल दोन दिवस बसून होता. अक्का त्याच्याजवळून हलली नाही. तिसऱ्या दिवशी तो उठला आणि मी दवाखान्यात येऊन एकटीच रडले.

प्रयोगशाळेचा अहवाल आला, गुंजच निघाली. पोलिसांनी पुतण्याला बोलावलं. तो अदबीने म्हणाला, फोनवर ऐकण्यात घोटाळा झाला. सुई कुणी टोचली ते कुणी पाहिलं नव्हतं. पहिल्या बैलाबद्दल विचारलं तेव्हा त्याने फाईलमधला कागद पुढे केला. "साहेब, हे तर मॅडमनीच लिहिलंय." फौजदाराने माझं अक्षर मोठ्याने वाचलं. सर्पदंश. तेव्हा मला जमीन दुभंगावी असं वाटलं. बांधावरचा खड्डा उकरला, तर मिठाने आणि मातीने सगळं खाल्लेलं. हाडं निघाली आणि लाल रंगाची दोन शिंगं.

तो सुटला. गावात परत आला, अक्काच्या शेजारच्या घरात राहू लागला. मला बाजारात भेटला की नमस्कार करायचा. मी अक्काला पुष्कळ सांगितलं, शेत देऊन टाक आणि भावाकडे राहायला जा. ती म्हणाली, बैल आहे ना अजून. दुसरा बैल गावातल्या एका शेतकऱ्याकडून पैऱ्याने, म्हणजे आळीपाळीने एकमेकांचे बैल वापरायच्या बोलीवर, आणून ती पेरणी करत राहिली. पुढे माझी बदली धुळ्याला झाली.

ह्या श्रावणात, भर दुपारी, आबांचा फोन आला. आवाज थकलेला.

"म्याडम, अक्का गयी. पान लागनं तिले. तुमना जीव व्हता तिनावर, म्हनीसन तुमले सांगं."

श्रावणात साप निघतात. खरंच निघतात, दरवर्षी माणसं जातात. मला हे माहीत आहे आणि तरीही मी विचारलं.

"आबा, साप कुणी पाहिला?"

"पुतन्या सांगे," आबा म्हणाले.

"तो कुठे आहे आत्ता?"

"आठेच शे. सरनना लाकडं भराले लागना."

मी त्यांना म्हटलं, तिला उचलू देऊ नका, मी पोलीस ठाण्याला फोन करते, सिव्हिलला न्यायला लावते. आबा हळूच म्हणाले, "आते तिले फाडाले लावशात का, म्याडम?"

जोडलेले हात मला दिसले. गोठा दिसला, माझी पिशवी दिसली.

"हो आबा," मी म्हणाले. "लावते."