यंदाच्या संघात अनुभवी किती

आमच्या शाळेच्या मुलींच्या हॉकी संघाचं यंदा काय होणार, हे मैदानावर नाही, बारावीच्या निकालावर ठरायचं. जास्त मुली पास झाल्या की संघ बुडाला. बाहेरगावच्या लोकांना हे सांगून पटत नसे, पण पुलगावात सगळ्यांना ठाऊक होतं. जूनमध्ये निकालाच्या दिवशी फाटकाशी पालक पेढ्यांचे पुडे घेऊन उभे असायचे आणि त्यांच्या मागे आमच्या खेळाच्या बाई चेहरा पाडून. एखादी मुलगी नाचत बाहेर आली की बाई तिच्या पाठीवर हात फिरवायच्या, पेढा तोंडात टाकायच्या आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणायच्या, "राइट हाफ गेली."

ही ऐंशीनंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मी बारावीत होते आणि संघात लेफ्ट बॅक खेळायचे. खेळायचे म्हणजे उभी असायचे. माझी निवड पायांमुळे कमी आणि हस्ताक्षरामुळे जास्त झाली होती. मुख्याध्यापकांना दर सप्टेंबरात संघाच्या भवितव्याविषयी लेखी निवेदन लागायचं, त्याशिवाय ते जिल्ह्याच्या सामन्यांना जायची परवानगी देत नसत. बाईंचं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं होतं. म्हणून बाईंनी मला संघात घेतलं, आणि घेतलंच आहे तर हातात स्टिकही दिली.

पोळा झाला की मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाखाली आमची बैठक बसायची. बाई नागपूरच्या, अर्ध्या हिंदीत बोलायच्या. त्या वर्गातला जुना फळा झाडाला टेकवून त्याच्यावर तीन रकाने पाडायच्या. 'आहेत', 'गेल्या' आणि 'अधांतरी'. त्या वर्षी 'गेल्या'चा रकाना फळ्याच्या तळाला टेकला. पाच जणी पास झाल्या होत्या, त्यातली एक तर फर्स्ट क्लासमध्ये, म्हणजे विश्वासघातच. एकीचं लग्न होऊन ती हिंगणघाटला गेली आणि एकीच्या वडिलांची बदली जबलपूरला झाली. 'आहेत'मध्ये आमची कॅप्टन, म्हणजे सेंटर हाफ, जी गणितात गचकली होती. शिवाय राइट इन, जिचा हात कापूस वेचून वेचून इतका चपळ झाला होता की ती समोरच्या मुलीच्या स्टिकवरून चेंडू बोंडातल्या कापसासारखा काढून घ्यायची. ती अर्थशास्त्रात राहिली. बाकी अकरावीची नवी भरती, ज्यांना स्टिकची कोणती बाजू वापरायची हेही अजून सांगावं लागत होतं.

'अधांतरी'त एकच नाव होतं. आमची गोलकीपर.

मी घरी जाऊन निवेदन लिहिलं. अगदी मन लावून, शुद्धलेखनासकट. त्यात एक वाक्य असं होतं: "यंदा संघाची सर्व मदार गतवर्षी अनुत्तीर्ण झालेल्या खेळाडूंवर आहे." दुसऱ्या दिवशी कागद परत आला. मुख्याध्यापकांनी 'अनुत्तीर्ण झालेल्या' या शब्दांवर लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती आणि वर लिहिलं होतं, 'अनुभवी'.

आम्हाला दोन दिवस हसू आवरेना. त्यानंतर पुलगावात नापास हा शब्दच उरला नाही. कॅप्टनच्या धाकट्या भावाला सहामाहीत दोन विषयांत लाल रेघ आली, तर तो घरी जाऊन म्हणाला, "मी दोन विषयांत अनुभवी हाये." त्याला मार पडला तो वेगळाच.

आमचं मैदान म्हणजे काळी माती. पावसाळा उतरला की तिला अशा भेगा पडायच्या की हॉकीचा चेंडू सरळ आत जायचा. मग खेळ थांबवून दोघींनी पालथं पडायचं आणि वाकवलेल्या तारेनं तो वर काढायचा. आम्हाला प्रत्येक भेग पाठ होती. पाहुणा संघ आला की आमच्या मुली चेंडू मुद्दाम त्या बाजूला न्यायच्या, आणि तो गडप झाला की पाहुण्या मुली नुसत्या बघत राहायच्या. घरच्या मैदानावर आम्ही अजिंक्य होतो. जिल्ह्याचे सामने मात्र वर्ध्याला, सपाट मुरमाच्या मैदानावर व्हायचे, आणि तिथं आम्हाला वाचवणारी एकटी गोलकीपर होती.

ती नाचणगावची. रोज पायी यायची. वडील गिरणीत कामाला. मुलांनी टाकून दिलेले क्रिकेटचे पॅड सुतळीनं बांधून ती गोलात उभी राहिली की मला मागे वळून बघायचीच गरज वाटायची नाही. ती ओरडायची नाही, उड्या मारायची नाही. चेंडू जिथं यायचा तिथं ती आधीच असायची, एवढंच. इंग्रजी सोडून सगळ्या विषयांत ती सुटली होती, आणि इंग्रजीत दोनदा राहिली होती. सामन्यांच्या वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष. बाईंनी तिला पुन्हा शाळेच्या पटावर घेतलं होतं, आणि आता ती ऑक्टोबरच्या परीक्षेला बसणार होती. आईच्या आजारपणात तिनं सेवाग्रामच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढले होते आणि परत आली ती नर्स व्हायचंच असं ठरवून. नर्सिंगला बारावी पास लागत होती आणि नवी तुकडी जानेवारीत सुरू व्हायची. सामने डिसेंबरात, आणि निकालही त्याच सुमाराला. पास झाली की नाव पटावरून कमी. म्हणजे तिला सेवाग्राम मिळालं की आम्हाला गोलकीपर नाही.

आणि तिला इंग्रजी कोण शिकवत होतं? मी.

एका संध्याकाळी कॅप्टननं मला नळाजवळ गाठलं. "तिले जरा सावकाश शिकवजो."

"काऊन?"

"पास तं व्हाचीच हाये ते. ऑक्टोबरात नाई तं मार्चात होईन. सेवाग्राम काही पयून नाई जाऊन राह्यलं."

मी तिला चांगलंच झापलं. माणुसकी, मैत्री, शिक्षणाचं महत्त्व, सगळं ऐकवलं. आणि चार दिवसांनी माझ्याच हातून ते पाप घडलं. निबंध झाले, पत्रं झाली, आणि वृत्तान्तलेखनाचा धडा आला. ती म्हणाली, "हे येईन काय व परीक्षेत?" मी वहीत बघत म्हटलं, "नाई येत. सोडून दे."

हे मी का केलं याचं उत्तर मी स्वतःला अनेक प्रकारे दिलं आहे. खरं उत्तर एकच. मला चषक हवा होता. आमच्या शाळेच्या कपाटात एकही चषक नव्हता, नुसती वक्तृत्वाची प्रमाणपत्रं.

त्या वर्षी दसऱ्याला तिच्या घरचे सगळे दरवर्षीप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीवर गेले आणि ती आयुष्यात पहिल्यांदा मागे राहिली, अभ्यासाला. मला ते कळलं तेव्हा तो सोडायला लावलेला धडा आठवला. पण तोंड उघडायचं धैर्य झालं नाही.

पेपर देऊन आली ती सरळ मैदानावर. मी धीर करून विचारलं, कसा गेला. "बरा गेला. रिपोर्ट लिवाचा आलता."

तिनं पॅड बांधायला घेतले.

"तू नाई म्हनली तवा तुये डोये खाली गेलते," ती सुतळीची गाठ मारत म्हणाली. "म्हनून घरी जाऊन तोच आंदी पाठ केला. मारनारी कुठं पायते, तेवढं मले कयते."

ती हसत होती. मग मीही हसले, मग रडले, मग दोघी इतक्या हसलो की बाईंनी शिट्टी मारून आम्हाला मैदानाला तीन चकरा मारायला लावल्या. त्या चकरा मी इतक्या हलक्या पायांनी मारल्या की बाई म्हणाल्या, "रोज ऐसा दौडती तो आज हाफ रहती."

डिसेंबरात आम्ही वर्ध्याला गेलो. कसं कोण जाणे, पहिले दोन सामने जिंकलो. एक तर समोरच्या संघाची बस पंक्चर झाली म्हणून, पण जिंकलो. उपान्त्य सामना दुपारी होता. शेवटची दहा मिनिटं उरली होती, एकही गोल झालेला नव्हता, आणि आमच्या राइट इनकडे चेंडू आला. समोर गोल, मध्ये दोनच मुली. तिनं स्टिक उचलली.

त्याच वेळी मैदानाच्या कडेनं धोतर सावरत एक गृहस्थ पळत आले. धापा टाकत होते, हात वर केलेला, हातात एक चिठ्ठी. "पास," ते जीव काढून ओरडले. "पास, पास."

राइट इन आज्ञाधारक मुलगी होती. वडीलधारं माणूस पास म्हणतंय, तर तिनं दिला पास. मारायचं सोडून चेंडू सरळ डावीकडे ढकलला. दोन्ही बचाववाल्या तिच्यावर तुटून पडल्या होत्या, डावीकडे चिटपाखरू नव्हतं. आमची लेफ्ट आउट, जिनं अख्ख्या सामन्यात चेंडूला स्पर्श केला नव्हता, तिनं घाबरून स्टिक फिरवली आणि गोल झाला.

मैदानाबाहेरच्या आमच्या मुलींनी त्या गृहस्थांना घेरलं. कोणी पाया पडत होतं, कोणी पाणी देत होतं. बाई त्यांना विचारत होत्या की आपण पूर्वी कुठून खेळायचात. ते बिचारे सगळ्यांकडे बघत म्हणाले, "मी तं निकाल सांगून राह्यलो, बाई. पोरगी पास झाली माही."

ते गोलकीपरचे वडील होते. सकाळी शाळेत जाऊन त्यांनी कारकुनाकडून गुण चिठ्ठीवर लिहून घेतले होते आणि पॅसेंजरनं तसेच वर्ध्याला आले होते.

हा संवाद मला नंतर कळला. पण माझ्या मागे गोलात उभ्या असलेल्या तिला पहिल्या हाकेतच सगळं कळलं होतं. बापाचा आवाज ओळखायला तिला काय लागतं? मी वळून बघितलं तर ती मैदानाकडे पाठ करून, जाळी दोन्ही हातांनी धरून उभी होती. आणि मी, जिनं तिला इंग्रजी शिकवलं, जिनं तिला फसवलं आणि जिला तिनं हसत माफ केलं, त्या माझ्या मनात सगळ्यांत आधी काय आलं, तर उद्या गोलात कोण? आनंद त्याच्या मागून आला. चार-पाच क्षणांनी आला असेल, पण मागून आला. याची लाज मला अजून वाटते.

शिट्टी झाली, आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. नाचणं झालं, वडिलांना खांद्यावर घ्यायचा एक प्रयत्न फसला. मग कॅप्टननं बाईंना बाजूला घेतलं. "बाई, कागद याले आठ दिवस लागतीन. तिचं नाव पटावर हाये अजून. कोनाले काय कयते?"

ज्या बाई गेली कित्येक वर्षं प्रत्येक निकालाला तोंड पाडून उभ्या राहिल्या, त्यांनी जाऊन वडिलांकडची चिठ्ठी वाचली. मग म्हणाल्या, "मला कळलं ना. पास हो गई, अब वो अपनी नहीं. उद्या तिचं नाव मी लिहिणार नाही."

"एका दिवसानं काय होते, बाई?" गोलकीपर म्हणाली. वडिलांना काहीच उमगेना. "पास झाल्यावर कायले काढता तिले?" ते प्रत्येकीला विचारत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोलात मी. माझ्याइतकी रिकामी दुसरी कोणी नव्हतीच. तिनं स्वतःच्या हातांनी माझ्या पायांना पॅड बांधले, गुडघ्याशी जरा जास्तच घट्ट. "डोये उघडे ठेवजो," एवढं सांगून ती जाळीच्या मागे जाऊन बसली.

पहिला चेंडू आला आणि मी डोळे मिटले. चेंडू गोलाच्या मागच्या फळीवर आदळल्याचा आवाज झाला. मी शरमेनं मागे वळले, काहीतरी बोलायला, तिच्याकडून चार शिव्या खायला.

तिनं गोल बघितलाच नव्हता. तीन वर्षांत जिची नजर चेंडूवरून एकदाही ढळली नव्हती, ती खाली मान घालून मांडीवरची चिठ्ठी वाचत होती. इंग्रजीच्या पुढे एकोणचाळीस लिहिलं होतं, आणि त्या आकड्यावरून ती बोट फिरवत होती, मग बोट उचलून तो तिथंच आहे ना हे बघत होती. समोर आमच्या मुली डोक्याला हात लावून उभ्या होत्या. मला मात्र इतका आनंद झाला, एवढा निखळ, की मी चेंडू उचलून मधल्या रेषेकडे भिरकावला आणि पॅड घातलेल्या पायांनी तिथल्या तिथं उड्या मारू लागले. अजून चार गोल व्हायचे होते.