फलश्रुती नसलेली पोथी

उत्क्रांतीचा धडा मी वीसेक वर्षं शिकवत आले आहे आणि तो ज्या पुस्तकातून निघाला, ते पुस्तक मी कधी उघडलं नव्हतं. शिकवायला गाइड पुरतं. परभणीच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते कोणीच उघडलेलं नव्हतं, त्यामुळे त्यात लाज वाटण्यासारखंही काही नव्हतं. गेल्या आषाढात मी ते फोनवरून मागवलं. ज्ञानाच्या ओढीनं मागवलं असं सांगता आलं असतं तर बरं दिसलं असतं. खरं कारण असं की मला दिवसातला एक तास हवा होता, ज्यात कोणी मला हाक मारणार नाही. नुसतं पडलेल्या बाईला घरातलं कोणीही उठवतं. जाड इंग्रजी पुस्तक घेऊन बसलेल्या बाईला उठवताना जरा विचार करतील, असा माझा अंदाज होता.

तासही ठरलेला होता. सकाळी पाणी भरणं, डबे, सासऱ्यांच्या डोळ्यांत औषध घालणं, मग आमच्या झरी गावाहून परभणीची एसटी. दिवसभर उभं राहून शिकवणं, पुन्हा एसटी, तीही बहुतेक उभ्यानंच. घरी येऊन चहा झाला की दिवेलागणीपर्यंत थोडी फट उरायची. पायांचे तुकडे पडलेले असायचे. तेवढी फट मला माझी हवी होती.

आमचं घर पुराणिकांचं. चातुर्मासात गावच्या मारुतीच्या देवळात पोथी सांगायचं काम मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उभा जन्म केलं. आधी संस्कृत ओळ म्हणायची, मग तिचा अर्थ गावाच्या बोलीत सोडवून सांगायचा. काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले आणि व्यासपीठही गेलं. गेल्या वर्षी देवळातल्या मंडळींनी पेनड्राइव्ह आणला. रोज संध्याकाळी स्पीकरवर कोणा बुवांचा आवाज लागायचा. तो आमच्या ओसरीवर स्वच्छ ऐकू यायचा, आणि तो लागला की मामंजी भिंतीकडे तोंड करून पडायचे. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं. बोलणं त्याहून कमी.

त्यांना एकटं सोडवत नाही म्हणून मी पुस्तक घेऊन ओसरीवरच बसले. चारदोन पानं उलटली असतील नसतील.

"काय वाचायलीस?" मामंजी भिंतीकडूनच म्हणाले.

"कॉलेजचं आहे, मामंजी."

"मंग मोठ्यानं वाच की. आमाला बी ऐकू दे."

माझ्या कपाळावर आठी आली असणार, पण त्यांना ती दिसत नाही, हा एक फायदा. मी म्हटलं, वाचतेच. एक अख्खं पान इंग्रजीतून धडाधड वाचून काढलं. कंटाळतील आणि सुटेन, असा हिशेब होता. पान संपलं तेव्हा ते उठून बसले होते.

"हं," ते म्हणाले. "आता अर्थ सांग."

झालं. ज्या माणसानं जन्मभर न कळणाऱ्या भाषेतलं वाचून दाखवलं, त्याला न कळणारी भाषा घाबरवेल कशी, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या तासाची पोथी झाली. पुस्तक पायाशी ठेवायचं नाही, उघडं पालथं घालायचं नाही. कुठून तरी त्यांनी जुन्या पोथीचं लाल कापडाचं बासन काढायला लावलं आणि वाचून झालं की त्यात पुस्तक बांधायचं, असा नियम आला. लोळून वाचणं बंद. हात तोंड धुऊन, मांडी घालून, एक परिच्छेद इंग्रजी आणि मग त्याचा मराठी अर्थ. आमच्या घरात बाईनं कधी पोथी सांगितली नव्हती. मान मिळाला तो असा, कंबर मोडलेली असताना.

आणि रोज वाचन संपलं की ते थांबायचे. मी बासनाची गाठ मारायला लागले की विचारायचे, "फलश्रुती?"

पोथीच्या शेवटी ती असते. ही पोथी जो ऐकेल त्याला अमुक मिळेल: मूल, धान्य, आरोग्य, ज्याला जे हवं ते. मामंजींच्या ऐकण्यातल्या प्रत्येक ग्रंथाला ती होती.

"यात नसते, मामंजी."

"शेवटाला आसंल," ते म्हणायचे.

पहिले दिवस कबुतरांत गेले. माणसं कबुतरं कशी पाळतात, हवी ती जोडी निवडून पिढ्यांमागून पिढ्या त्यांची रूपं कशी पालटवतात, हे लेखक इतक्या सावकाश सांगतो की मला डुलक्या यायला लागायच्या. मामंजींना तीच चाल आवडली. "घाई न्हाई या माणसाला," ते म्हणायचे. "एकेक दाखला देऊन मंग पुढं पाय टाकायलाय." लेखकाला ते 'तुझे साहेब' म्हणत. आज तुझे साहेब कुठपर्यंत आले, असं मी चपला काढायच्या आत विचारत. स्पीकर लागला तरी आता तोंड भिंतीकडे जात नव्हतं. भाकरी पूर्ण संपायला लागली.

आमचे हे वडिलांना दादा म्हणतात. ते त्यामुळे खूश. "चांगलंय की," एकदा म्हणाले, "दादांचा वेळ मस्त जायलाय." कोणाचा वेळ जायलाय, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते विचारायलाही अंगात जोर लागतो. मी कणीक मळायला घेतली.

मला रागच यायचा, खोटं कशाला सांगू. म्हातारा माणूस माझ्यामुळे जेवायला लागला याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो व्हायचाही, पण सकाळी, एसटीत. संध्याकाळी मांडी घालून बसले की फक्त वाटायचं, हे पुस्तक मी माझ्यासाठी आणलं होतं. एका संध्याकाळी तर मी सरळ तीन पानं गाळली. अर्थ सांगून पुढे गेले.

"थांब," मामंजी म्हणाले. "मधलं कायतरी राहिलं."

"नाही हो."

"राहिलं. साहेब आसे उडी मारत न्हाईत."

मी मुकाट्यानं पानं मागे घेतली.

श्रावण उलटून गेल्यावर तो अध्याय आला ज्यात लेखक स्वतःच्याच म्हणण्यावरचे आक्षेप मांडतो. दुसऱ्या कोणी विचारायच्या आत स्वतःच सांगतो की माझं म्हणणं इथे अडतं आणि इथेही अडतं. मी हे सांगितलं तेव्हा मामंजींनी मांडीवर थाप मारली.

"पूर्वपक्ष!" ते म्हणाले. "आगं, शास्त्रार्थाची रीत हाय ही. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडानं मांडायचं, ते बी त्याच्यापेक्षा जोरात. मंग उत्तर. हे कुणापाशी शिकले तुझे साहेब?"

त्यांचा चेहरा फार दिवसांनी तसा दिसला. देवळात अर्थ सोडवताना दिसायचा, तसा.

पण पुढचा मजकूर डोळ्याचा होता. मी तो सकाळी बसमध्ये पाहून ठेवला होता आणि मला तो त्यांच्यापुढे वाचायचा नव्हता. गाळण्याची सोय उरली नव्हती. लेखक कबूल करतो की डोळ्यासारखी इतकी नेमकी गोष्ट बारीक बारीक बदलांतून घडली असेल, हे ऐकायला अशक्यच वाटतं. आणि मग पायऱ्या दाखवतो. नुसता उजेड ओळखणारे जीव आहेत, त्यांच्याहून थोडं जास्त ओळखणारे आहेत, असं करत करत तो पूर्ण डोळ्यापर्यंत येतो. मी भराभर अर्थ सांगितला. अंगणाच्या बाजूला तोंड करून मामंजी ऐकत होते.

"म्हणजे आधी नुसता उजेड कळायचा," ते म्हणाले.

"हो."

"मला आता तेवढाच कळतो." मग हसले. "साहेबांना सांग, एक माणूस उलटा चाललाय. वरच्या पायरीवरून खाली."

आत कुकरची चौथी शिट्टी झाली होती, उद्या द्यायचे पेपर तपासायचे राहिले होते. मी बासन ओढलं.

"फलश्रुती?" मामंजी म्हणाले.

त्या दिवशी माझा तोल गेला. "यात फळ नाही मामंजी! कितीदा सांगू? हे ऐकून मूल होत नाही, पीक येत नाही, गेलेले डोळे येत नाहीत. ऐकायचं आणि उठून कामाला लागायचं, बस."

डोळे म्हणायला नको होतं. ते म्हटल्यावर कळलं. देवळातल्या स्पीकरवर बुवा काहीतरी विनोद सांगत होते आणि त्यातली माणसं हसत होती.

मामंजी रागावले नाहीत. अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मंग तू कामून वाचायलीस?"

आणि मी खरं ते सांगून टाकलं. "तासभर मला कोणी उठवू नये म्हणून."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोठ्यानं वाचायला सांगितलं नाही. मीच वाचलं, नाहीतर काय करणार. पण त्यांनी फलश्रुतीही विचारली नाही. ते मला विचारण्याहून जड गेलं.

भाद्रपदात तापाची साथ आली आणि मी आडवी झाले. सांधे असे धरले की कूस बदलता येईना. ह्यांनी दोन दिवस रजा काढली. घरात भांडी पडल्याचे आवाज यायचे आणि थोड्या थोड्या वेळानं ह्यांचा चेहरा दारात. हळद कोणत्या डब्यात? दादांच्या गोळ्या जेवणाआधी की नंतर? दूधवाल्याला उद्या किती सांगू? प्रत्येक वेळी मी डोळे उघडायचे आणि सांगायचे.

संध्याकाळी स्पीकर लागला तशी काठी वाजली. सासरे सुनेच्या खोलीत येत नाहीत आमच्याकडे. मामंजी चाचपडत आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. ह्यांनी खुर्ची आणून दिली आणि स्वयंपाकघरात परतले. मांडीवर लाल बासन होतं.

"खंड पडू द्यायचा न्हाई," ते म्हणाले. "तू पडून राहा. आज आमी सांगतो."

बासन सोडून त्यांनी पुस्तक मांडीवर उघडलं. उलटं होतं. मग त्यांनी घसा साफ केला आणि पोथी सुरू केली.

पहिल्यापासून सगळं त्यांच्या डोक्यात होतं. देवळातल्या त्याच आवाजात, तोच हेल. साहेबांची कबुतरं हैदराबादच्या कुठल्या नवाबाच्या गच्चीवर गेली होती. दूरदूरच्या बेटांवरचे पक्षी पूर्णा नदीकाठी उतरले होते. एका ठिकाणी त्यांनी चक्क चूक केली, माणूस माकडाच्या पोटी आला असं सांगून टाकलं, जे माझ्या वर्गात कोणी लिहिलं तर मी मार्क कापते. मी तोंड उघडलं आणि मिटलं. लहानपणानंतर मला कोणी काही वाचून दाखवलं नव्हतं. मी तापानं फणफणलेली, अंगावर गोधडी, आणि एक आवाज काही न मागता नुसता सांगत होता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते मी पुसलंही नाही. तिथे बघणारं कोणी नव्हतं.

डोळ्याच्या पायऱ्यांपाशी ते थांबले. पुस्तक मिटलं, बासनाची गाठ मारली, दोन्ही हात जोडले.

"आता फलश्रुती," ते म्हणाले. "साहेबांची लिहायची राहिली, ती आमी सांगतो. ही पोथी जी बाई वाचंल, तिला कुणी उठवणार न्हाई."

मग मागे वळून मोठ्यानं, "हळद सापडत नसंल तर बिनहळदीचं कर. तिला हाक मारायची न्हाई." दार त्यांनी ओढून घेतलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दाराला अगदी लागून.

माझा डोळा लागत होता तेव्हा शेजारची विरजण मागायला आली. मला विचारत होती.

"निजली हाय," मामंजींचा आवाज आला. "उठवता येत न्हाई. पोथीतच तसं लिहिलंय."