काळी पाच

माझ्या तोंडाला लागलेलं पितळ त्यांनी माझ्यासमोर चिंचेनं घासलं.

त्या शाळेतला माझा पहिला दिवस. शाळेनं कामठीच्या छावणीतून जुने बाजे लिलावात घेतले होते. सहा कॉर्नेट, एक मोठा भोंगा, एक ढोल. आठ पोरं रांगेत उभी. मी एक कॉर्नेट उचलला, ओठांना लावला आणि एक लांब सूर काढून दाखवला. पोरं हसली. नवी पोरं पहिल्यांदा हसतातच, त्याचं काही नाही. पण व्हरांड्यात शाळेचे सेक्रेटरी उभे होते. ते हसले नाहीत. त्यांनी शिपायाला हाक मारली.

"महादेव, ते धुऊन आण. नीट. चिंच लावून."

महादेवनं माझ्या हातातून कॉर्नेट घेतला आणि नळावर बसून घासला. आधी चिंच, मग राख, मग पुन्हा पाणी. आठ पोरं पाहत होती. मी पण पाहत होतो. मग सेक्रेटरी जवळ आले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. पालकांचा प्रश्न आहे. तुम्ही फुंकायचं नाही. तोंडी सांगायचं."

मी "बरं" म्हणालो.

ते "बरं" मी आजही चघळतो आहे. गिळलं जात नाही, थुंकता येत नाही.

जात त्यांना सांगावी लागली नाही. वस्तीचं नाव सांगितलं की जात सांगून होते. आम्ही मांग. माझा बा डफडं वाजवायचा. लग्नात पुढे आणि जेवणात मागे, असं त्याचं आयुष्य गेलं. मी पितळेवर आलो. कामठीला फौजेच्या बँडातून निवृत्त झालेला एक म्हातारा ख्रिस्ती मास्तर होता, त्याच्याकडे सहा वर्षं सायकल मारली. त्यानं मला सूर लिहायला शिकवलं, वाचायला शिकवलं. तो स्वतःच्या कॉर्नेटवरून माझ्या ओठांना वळण द्यायचा. तो फुंकायचा, मला द्यायचा, मी फुंकायचो, त्याला द्यायचो. मधे फडकंसुद्धा नाही.

मी कोणाच्या नोकरीत नव्हतो. लग्नसराईत बँड, गणपतीत बँड, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई गावाबाहेर नेणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत बँड, उरलेल्या दिवसांत शिकवण्या. नागपुरात पितळ फुंकणारे शंभर होते, पण पितळेसाठी नवी चाल बांधून ती कागदावर उतरवणारे किती होते? मला तरी दुसरा माहीत नव्हता. गर्व वाटतो? वाटू दे. आमच्या लोकांनी गर्व केला की तो सगळ्यांनाच जरा जास्त दिसतो.

तर मी न फुंकता फुंकणं शिकवू लागलो. काठावर बसून पोहणं शिकवावं तसं. गाल फुगवून दाखवायचो, तोंडानं सूर गायचो, हवेत बोटं दाबायचो. आमचा वर्ग सायकल स्टँडमध्ये भरायचा. कॉर्नेट कोणाचा ठरलेला नव्हता, हाताला येईल तो घ्यायचा, त्यामुळे एकाचा कॉर्नेट दुसऱ्याच्या तोंडाला लागायचाच. वाण्याचा पोरगा बामणाच्या पोराच्या मागून फुंकायचा, त्याच्यामागून पाटलाचा. कोणी धूत नव्हतं. त्यांच्या थुंकीला जात नव्हती. जात फक्त माझ्या थुंकीला होती.

तरी पोरं शिकली. का शिकली ते सांगतो. मी त्यांच्यासाठी एक चाल बांधली. ज्या पोरांच्या ओठांत अजून दम नाही त्यांना झेपेल अशी. पाच सुरांत फिरणारी, पण शेवटी छाती काढून वर जाणारी. घरी माझ्या कॉर्नेटवर महिनाभर घासूनपुसून ती तयार केली. बायको म्हणायची, "अजी, लेकरू निजून राहिलं, हळू वाजवा नं." पितळ हळू वाजत नाही.

एक दिवस सेक्रेटरी सायकल स्टँडपाशी थांबले.

"ही चाल कुणाची?"

"माझी."

"छान आहे. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला शाळागीत हवंच आहे. हेडमास्तर शब्द बसवतील. बुवांना लिहून द्या."

बुवा म्हणजे शाळेचे गायनाचे शिक्षक. पेटी वाजवायचे, मुलींना प्रार्थना शिकवायचे, कानात अत्तराचा फाया असायचा. मी रात्री, नाही, पहाटे उठून चाल लिहिली. चांगल्या कागदावर, दौतीच्या शाईनं, सरगममध्ये. सगळ्यात वर एकाच ओळीत दोन गोष्टी लिहिल्या. रचना, म्हणून माझं नाव. आणि त्याच्या शेजारी: सूर काळी पाच.

हे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. कॉर्नेट हट्टी वाद्य. तिन्ही कळा मोकळ्या सोडून फुंकला की जो सा निघतो तो पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा. आमची सारी चाल त्या सा वर उभी. बुवांच्या मुली मात्र नेहमी पहिल्या पांढऱ्या पट्टीवर गायच्या. दोघांत एका सुराचा फरक. दोन्ही एकदम वाजले की ऐकणाऱ्याचे दात आंबतात. म्हणून लिहिलं, की बुवांनी पेटी आमच्या सुरात घ्यावी. पोरांना दुसऱ्या सुरात वाजवणं तेव्हा जमण्यासारखं नव्हतं.

बुवा मुलींना हॉलमध्ये शिकवायचे, मी पोरांना सायकल स्टँडमध्ये. उद्घाटनाला आठ दिवस उरले तेव्हा मी बुवांना गाठलं. म्हणालो, "बुवा, एकदा सगळ्यांनी सोबत वाजवून पाहू."

बुवा हसले. "हॉलमध्ये शारदेची मूर्ती आहे, मास्तर. तिथे बाजे नकोत. तुमचं तुम्ही बसवा, आमचं आम्ही बसवतो. शेवटी सूर तो सूरच."

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी महादेव माझ्याकडे छापील पत्रिका घेऊन आला. महादेव पारशिवनीकडचा, कुणब्याचा. पहिल्या दिवशी ज्यानं माझं पितळ घासलं तोच.

"मास्तर, हे चाल तुमीच बांधली नं जी? मंग तुमचं नाव काहून नाही?"

पत्रिकेत छापलं होतं, शाळागीत. शब्द हेडमास्तरांचे. संगीत बुवांचं.

मी मैदानातल्या मांडवात गेलो. स्टेजवर पेटी मांडून ठेवली होती. पेटीवर पुठ्ठ्याला चिकटवलेला माझाच कागद. माझीच शाई, माझंच अक्षर. वरची ओळ मात्र नव्हती. कात्रीनं कापली होती, पट्टी धरून, अगदी सरळ. माझं नाव कापलं आणि नावासोबत काळी पाच कापली गेली. चोरानं घाईत घराची किल्लीही फेकून दिली होती.

माझ्या हातात एक तास होता. बुवांना एक वाक्य सांगितलं असतं तर काम झालं असतं. नाही सांगितलं. मुद्दाम नाही सांगितलं. त्यात माझी आठ पोरं होरपळणार, हेही मला कळत होतं. तरी नाही सांगितलं. आज कोणी मला त्यासाठी वाईट म्हणालं तर खुशाल म्हणावं. पोरांना फक्त एवढं म्हणालो, "काहीही ऐकू आलं तरी थांबायचं नाही. तुम्ही बरोबर आहात. माझा हात खाली जाईल तेव्हाच थांबा."

पाहुणे आले. हार झाले, भाषणं झाली. मग बुवांनी डोळे मिटून पेटीचा भाता ओढला आणि मुलींनी पहिली ओळ गायली. पांढरी एक. गोड गात होत्या, त्यांचा काय दोष. दुसऱ्या ओळीला आम्ही शिरायचं होतं. मी हात वर केला.

आठ पोरं एकदम तुटून पडली.

मांडवात पहिल्या रांगेतल्या बाईनं पदरानं कान झाकले. अर्ध्या मुली आमच्याकडे सरकल्या, अर्ध्या पेटीला धरून राहिल्या, दोघी-चौघी नुसत्याच रडवेल्या. बुवांचे डोळे उघडले. त्यांना आमचा सूर सापडला, तेवढा कान त्यांना होता. पण बोटं सापडेनात. काळ्या पट्ट्यांवर त्यांची बोटं अशी चाचपडत होती की मला हसू आलं. हो, मी हसलो. पोरं थांबली नाहीत. पितळेपुढे पेटी किती टिकणार? दुसरं कडवं संपेपर्यंत पेटी बंद पडली होती.

सेक्रेटरी स्टेजवरून खाली धावत आले. आता आवाज मऊ नव्हता.

"बंद करा हा गोंधळ! लाज नाही वाटत? माइकवर या आणि पाहुण्यांची माफी मागा."

चोराच्या उलट्या बोंबा. मी हात खाली घेतला. पोरं थांबली. मी माइकपाशी गेलो. बाच्या जन्मात त्याला कोणी माइकपुढे उभं केलं नव्हतं, मला माफीसाठी का होईना केलं.

मी म्हणालो, "चाल बुवांची आहे. तसं छापलं आहे. चुकली असेल तर त्यांनाच विचारा. आणि माझी असेल, तर ही अशी आहे."

पुढच्या पोराच्या हातातला कॉर्नेट घेतला. त्या शाळेत पहिल्या दिवसानंतर मी पितळेला ओठ लावला नव्हता. लावला. पूर्ण चाल वाजवली, एकट्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेवटचा वरचा सूर श्वास संपेपर्यंत धरून ठेवला.

मग तो ओला कॉर्नेट, थुंकीसकट, पाहुण्यांच्या टेबलावर हारांच्या मधे ठेवला आणि सेक्रेटरींना म्हणालो, "आता धुवा."

आणि निघून आलो.

शाळेनं बँड बंद केला. शहरातल्या बाकी शाळांत माझ्याबद्दल काय सांगायचं ते सांगून झालं होतं. "मास्तर भांडखोर आहे." कितीतरी वर्षं कोणत्याच शाळेनं मला फाटकातून आत घेतलं नाही. मी पुन्हा लाल कोट घालून वरातीपुढे उभा राहिलो. आणि वस्तीत, बुद्धविहारामागच्या मोकळ्या जागेत, शिकवायला बसलो. जो येईल त्याला. कोणत्याही जातीचा येऊ दे, माझा नियम एकच. आधी मी फुंकणार, मग न पुसता त्याच्या हातात देणार. फुंकलं तर शिकवणी सुरू. बरेच जण परत गेले. त्याहून जास्त राहिले. आज नागपुरात, कन्हानला, कामठीला असा बँड दाखवा ज्यात माझ्या उष्ट्या पितळेवर शिकलेला एकही नाही.

गेल्या वर्षी बुवा घरी आले. पंधरा वर्षांनी. केस पांढरे, हातात काठी. पुढच्या वर्षी शाळेचा मोठा समारंभ आहे, म्हणाले. शाळागीत बँडवर हवं आहे. पितळेचे कागद शाळेत नाहीत, ते माझ्याकडेच. बायकोनं चहा दिला. मी कपाकडे पाहत बसलो. बुवांनीही कपाकडे पाहिलं, मग प्याले. सगळा.

"मास्तर, झालं गेलं विसरा. काळ बदलला."

"कागद देतो. पत्रिकेत वरची ओळ छापा. माझ्या नावासकट, सुरासकट."

"संस्थेला विचारावं लागेल."

"विचारा."

बुवा परत आले नाहीत. बायको म्हणाली, "आता कायले उकरून राहिले जी? म्हातारा माणूस चालत घरी आला. जाऊ द्या नं."

मी म्हटलं, "रोगराई मारबतीसोबत जाते वं. हे नाही जात."

माफ करणारा मोठा असतो म्हणे. मला मोठं व्हायचं नाही. मोठे लोक मी पाहिले, त्यांच्या हातात कात्री असते. मला माझी ओळ पाहिजे, जिथून कापली तिथेच.

काल संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी आला. आता स्वतःचा बँड चालवतो. शाळेनं समारंभाला त्यालाच ठरवलं आहे, तो कोणाचा शिष्य हे न विचारता. चाल त्याला तोंडपाठ आहे, माझ्याकडे सगळ्यांना पहिल्यांदा तीच शिकवतो. आता तो कोणत्याही सुरात वाजवू शकतो. नव्या छापलेल्या पत्रिकेची घडी त्याच्या खिशात होती.

"मास्तर, ते म्हणून राहिले पांढरी एकमध्ये वाजवा. मुली तिथूनच गातात. काय करू?"

"पत्रिकेत माझं नाव आहे काय?"

त्यानं घडी उलगडली. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"नाही जी."

"मग काळी पाच," मी म्हणालो. "आणि मले पुढच्या रांगेत खुर्ची ठेवजो."